आत्या, कॅबिनेट बदललं

प्रिय आत्या,



रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी फरशीवर मांडी घालून बसले होते, ओठांत दोन स्क्रू धरलेले, फोन कोपरानेच स्पीकरवर टाकला. "म्ंतर कयते" असं काहीतरी बोलून ठेवून दिला, तेव्हा तू घाबरली असशील. बिनसलं काही नव्हतं. आपल्या फोटोंच्या मशीनचं घर बदलत होते.

'फोटोंचं मशीन' हे नाव तुझंच. टीव्हीखालची ती काळी पेटी, जिच्यावर तू मागच्या वेळी चहाचा कप ठेवलास आणि मी किंचाळले, ती. आत एक छोटा संगणक आणि सहा हार्डडिस्क. लोकलमधल्या चौथ्या सीटसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या, मधून हवा जायला बोटभर जागा नाही. यंदा मे महिन्यात दुपारी मधल्या दोघींचा पारा पन्नाशीच्या वर गेला. कंपन्या साठपर्यंत चालेल म्हणतात. पण माणूसही एकशे दोन तापात चालतोच की, म्हणून रोज चालवायचं का?

उन्हाळा हे एक कारण झालं. दुसरं, जागा भरत आली होती. आमच्या मशीनमध्ये झेडएफएस नावाची व्यवस्था आहे. सहा डिस्क मिळून एकच कोठार, आणि माहिती अशी वाटून ठेवलेली की कुठल्याही दोन डिस्क एकदम मेल्या तरी एक फोटो जात नाही. हे छानच, पण पूर्वी त्यात एक खोड होती : अशा कोठारात नंतर सातवी डिस्क घालता येत नसे. वाढवायचं तर सगळं उपसून नव्याने मांडा, नाहीतर सहाच्या सहा बदला. २०२५च्या जानेवारीत ओपनझेडएफएसची २.३ आवृत्ती आली आणि एकेक डिस्क वाढवायची सोय झाली. सोय झाली, पण सातवी बसवणार कुठे? म्हणून मोठं कॅबिनेट. पंधरा डिस्क मावतील एवढं. घरी आणलं तेव्हा हे म्हणाले, "फ्रीज घेतलास का?"

आधी तीन कामं केली. पहिलं स्क्रब, म्हणजे मशीनला सांगायचं की कोठारातला दाणा न् दाणा वाचून बघ, किडलाय का. याला रात्र गेली. सगळं निरोगी निघालं. दुसरं, कोठार रीतसर 'एक्स्पोर्ट' केलं, घर सोडताना मीटरचं रीडिंग नोंदवून किल्ली द्यावी तसं. तिसरं काम मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक डिस्कचा नंबर वरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, पण डिस्क खणात सरकवली की ती चिठ्ठी दिसत नाही. उद्या मशीन म्हणालं की अमुक नंबरची आजारी आहे, तर कुठली उपसायची? चुकून चांगली उपसली तर? मग मी शेवटचे चार आकडे पांढऱ्या पट्टीवर लिहून प्रत्येकीच्या दर्शनी कडेला चिकटवले. तू मसाल्याच्या बरण्यांना लावतेस तशा.

मजा अशी की खणांचा क्रम पाळायची गरजच नाही. प्रत्येक डिस्कच्या अंगावरच लिहिलेलं असतं की मी कुठल्या कोठारातली आणि माझी भावंडं कोण. पहिली पाचव्या खणात गेली आणि चौथी दुसऱ्यात, तरी त्या एकमेकींना बरोबर ओळखतात.

स्क्रूंनी मात्र छळलं. मोठ्या हार्डडिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, आणि छोट्या एसएसडी डिस्कला बारीक आट्यांचे. दिसायला सख्खे भाऊ. जाड आट्याच्या भोकात बारीक स्क्रू सुरुवातीला गुमान जातो, मग नुसताच फिरत राहतो. जोर लावला की आटे गेले. चहाच्या दोन बश्यांत दोन जाती वेगळ्या करून बसले, तेवढ्यात मांजर येऊन एक बशी उलथून गेलं. तुझा फोन आला तो नेमका त्या वेळी.

मदरबोर्ड जुनाच, तळहातापेक्षा थोडा मोठा. नव्या कॅबिनेटमध्ये चार पितळी खुंट्यांवर तो बसला, बाकीच्या खुंट्या रिकाम्या. वाड्यात एकच खोली भाड्याने घेतल्यासारखं दिसतं. बोर्डावर जोडण्या सहाच, म्हणून आणखी आठ डिस्क जोडायचं एक जुनं सर्व्हरचं कार्ड लावलं. सगळं जोडून रात्री साडेदहाला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडद्यावर डिस्क दिसल्या चार.

चार, आत्या. सहापैकी.

तशी ती चारांवरही चालली असती, मघाशी सांगितलं ना, दोन मेल्या तरी चालतं. पण तिसरीला नुसती शिंक आली असती तर सगळं गेलं असतं. म्हणून मी कोठार उघडलंच नाही. त्या दोघींना हात लावून पाहिला तर गार, फिरतसुद्धा नव्हत्या. वायरी बदलल्या, खण बदलले, कार्डावरून काढून बोर्डाला जोडल्या. ढिम्म. साडेबाराला लक्षात आलं की याच त्या दोघी, ज्या मी बाहेरून लावायच्या मोठ्या डिस्कच्या खोक्यातून सोलून काढल्या होत्या, स्वस्तात मिळतात म्हणून. त्यांना वीज देणाऱ्या टोकावर तिसरी पिन असते. पूर्वी ती ३.३ व्होल्टची होती. २०१६च्या नव्या नियमात तिचा अर्थ बदलला : त्या पिनेवर वीज आली तर डिस्कने समजायचं, मला झोपायला सांगितलंय. जुन्या पेटीत मी चार पिनांचा एक जोड वापरला होता, त्यात ३.३ व्होल्टची तारच नव्हती, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. तो जोड फेकायचाच होता. तसल्या स्वस्त जोडांची टोकं वितळतात, पेटही घेतात. वीज पुरवणाऱ्या नव्या एसएमपीएसची सरळ वायर लावली आणि दोघी आज्ञाधारकपणे झोपी गेल्या.

उपाय काय, तर तेवढी एक पिन चिकटपट्टीने झाकायची. सोमवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले आणि मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती मधाच्या रंगाची, उष्णतेला न वितळणारी कॅप्टॉन टेप आणली. बाबांचा दाढीचा चिमटा... नाही, दाढीचा नव्हे, काटा काढायचा चिमटा, तो आठवतो? त्याने तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी त्या पिनेवर बसवली. बटण दाबलं. बारीक घुर्र झालं. सहा.

कोठार उघडून पहिला फोटो पाहिला तो तुझ्याच अल्बममधला : चिपळूणच्या एसटी स्टँडवर अप्पा, छत्री उलटी झालेली, आणि तू फ्रॉकमध्ये मागे खो खो हसतेयस. २०१९च्या दिवाळीत ते अकरा अल्बम मी पुण्याला आणून स्कॅन केले आणि परत देऊन गेले. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी तुमच्या माजघरात शिरली आणि लोखंडी कपाटात अकराच्या अकरा लगदा झाले. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं भिजली, तिथे आपल्या अल्बमांचं काय. तेव्हा फोनवर तू रडली नाहीस. "तुझ्याकडे आहेत ना," एवढंच विचारलंस. मी ऐटीत म्हणाले, सुरक्षित आहेत.

ते अर्धंच खरं होतं. दोन डिस्क मेल्या तर फोटो वाचतील, हे खरं. पण सहाही जणी एकाच पेटीत आहेत. वीज कडाडली, चोर आला, वरच्या मजल्याची टाकी फुटली किंवा माझ्याच हातून चुकीचा फोल्डर पुसला गेला, तर सहाचा काही उपयोग नाही. तुझेही अकरा अल्बम एकाच कपाटात होते. परवा ते पंधरा खणांचं कॅबिनेट बघताना मला आनंद व्हायच्या ऐवजी तेच कपाट दिसायला लागलं.

तेव्हा आता तुझ्याकडे काम आहे. गणपतीला येताना एक डिस्क घेऊन येते, सगळ्या फोटोंची नक्कल घातलेली. ती वीज न लावता नुसती ठेवायची. दर दिवाळीला मी ती नेईन, तपासून, नवे फोटो घालून परत आणून देईन. ठेवायची वरच्या मजल्यावर, फळीवर, माजघरात अजिबात नाही. कोकणातली दमट हवा तिला सोसायची नाही, म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या आणते. तू फक्त घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा रिकामा करून ठेव. चकलीचा नको, त्याचा वास जात नाही.

तुझी भाची