मारबतीचा दिवस आणि नातवाची वही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत मुलें लांकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, आणि मोठीं माणसें मारबत पाहावयास इतवारीकडे लोटतात. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते असें सांगतात. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या बाकाबाईशीं जोडतात; त्या इंग्रजांस अनुकूल झाल्या, त्याचा तो राग. नेहरू पुतळ्यापाशीं दोघींची भेट होते. मागून महागाई, लांचलुचपत इत्यादि वर्षभरांतील पीडांचे बडगे येतात, आणि रोगराई घेऊन जा असा घोष होऊन शेवटीं सर्वांचें दहन होतें.

ह्या खेपेस आमच्याबरोबर नातू होता. पुण्यास संगणकाच्या नोकरींत असलेला हा मुलगा पोळ्यास आला तो एक वही घेऊन. तींत आयुष्यांत करावयाच्या गोष्टींची यादी होती: घराचें कर्ज फेडणें, आजीस काशीस नेणें, आणि तिसरी, डीजेची कला शिकून रात्रभर चालणाऱ्या रेव्ह-नृत्यांत ती वाजविणें. हें तिसरें कलम वाचून आमचे चिरंजीव दोन दिवस त्याच्याशीं बोलले नव्हते.

डीजे म्हटलें कीं आपल्याकडे ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत डोळ्यांपुढें येते. इतवारींत तशी एक भिंत जवळ येतांच छातीचें हाड थरथरूं लागलें. नातू आमच्या कानाशीं येऊन म्हणाला, "आजोबा, डीजे म्हणजे ही भिंत नव्हे. डीजे म्हणजे वाजविणारा माणूस. एक गाणें संपण्यापूर्वीं दुसऱ्याची लय त्यांत अशी मिसळायची कीं नाचणाऱ्याचा पाय अडखळूं नये." मिनिटास सुमारें १२० ते १३० ठोके, आणि गर्दीकडे पाहून पुढचें गाणें निवडावयाचें. हें ऐकून आम्हांस वर्गाचा चेहरा पाहून धडा बदलणारा शिक्षक आठवला.

गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांनीं चांदण्या रात्रीं मांडलेल्या नाचांतून 'गोवा ट्रान्स' नांवाचें संगीत निघालें व १९९० नंतरच्या दशकांत तें जगभर गेलें. त्या मेळाव्यांस मादक द्रव्यांनीं काळिमा लावला हें खरें. चिरंजीवांची भीति तीच. परंतु तो दोष द्रव्याचा, लयीचा नव्हे, असें आमचें मत आहे. नातवानें वहींत "शुद्धीवर राहून" असे दोन शब्द स्वतःच लिहिले होते.

रात्रीं माजघरांत वाद झाला. चिरंजीवांनीं मनूचा आधार काढला. नृत्य, गीत, वाद्य ह्या तौर्यत्रिकास मनूनें कामज व्यसनांत गणलें आहे. आम्हीं सांगितलें कीं त्याच यादींत 'वृथाट्या', म्हणजे उगाच भटकणें, हेंहि आहे. मग तुमचा बाप दुपारभर इतवारींत काय करीत होता? शिवाय काम हा चार पुरुषार्थांपैकीं एक, आणि वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांचा आरंभच गीत, वाद्य, नृत्य असा आहे. आमच्या कुटुंबानें आंतून विचारलें, "गोंधळाला रात्र उजाडते तेव्हां कुणी हरकत घेतो का?"

आवाजाच्या बाबतींत मात्र आम्हीं चिरंजीवांची बाजू घेतली. सन २००० च्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वर्ज्य आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, हें ध्यानांत घेतल्यास त्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या तान्ह्या मुलाच्या कानांचें काय होत असेल तें कळेल. नातवानें हें निमूटपणें मान्य केलें; पुण्यास तो कानांत बोळे घालूनच जातो म्हणे.

दिवाळीस तो आपलें यंत्र घेऊन येणार आहे. माडीवरची पुस्तकांची खोली आम्हीं रिकामी करावयास घेतली आहे. चिरंजीव अजून फारसे बोलत नाहींत. पण काल त्यांनीं सुताराला बोलावून त्या खोलीचीं दारें नीट लागतात कीं नाहीं तें पाहून घेतलें.