आधी ऐकावे, मग करावे

नवे बियाणे घरात आले की कुठलाही शहाणा शेतकरी ते एकदम पाच एकरांत टाकत नाही. बांधाकडेच्या दोन सरी घेतो, तिथे पेरून बघतो. उगवण कशी आहे, रोग येतो का, आपल्या जमिनीला मानवते का, हे डोळ्यांनी पाहतो आणि मगच पुढच्या वर्षी हात सैल सोडतो. आपल्या घरोघरी ही रीत आहे. पण गावाचे भले करायला निघालेली माणसे मात्र बहुधा उलटे करतात. योजना कुठेतरी दूर बसून ठरते, वस्तू गाडीत भरून येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि सहा महिन्यांनी त्या वस्तू माळ्यावर नाहीतर गोठ्यात सापडतात.

माझी भाची पुण्याला शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिने मला एक नवा शब्द सांगितला, ‘डिझाइन थिंकिंग’. मी म्हटले, बाई, आधी मराठीत सांग. तेव्हा ती म्हणाली, “मावशी, ज्याची अडचण आहे त्याच्याजवळ बसायचं. खरी अडचण कोणती ते ठरवायचं. एकच नाही, पाच-सात उपाय सुचवायचे. त्यातला एक स्वस्तात करून बघायचा, आणि चुकला तर बदलायचा.” अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात याचे रीतसर शिक्षण देतात म्हणे. मला हसू आले. शब्द परदेशचा असला तरी हे काम आपल्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी झालेले आहे. त्याला तेव्हा कोणी असले नाव दिले नव्हते, इतकेच.

आमची सोनई नेवासे तालुक्यातली. मुळेच्या पाटाचे पाणी, साखर कारखाना, ऊस. आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, दुसऱ्या टोकाला जामखेड. तो भाग कायमचा दुष्काळी. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे आले. वेल्लोरला डॉक्टर झालेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. त्यांनी नुसता दवाखाना थाटला असता तरी लोकांनी हात जोडले असते. पण ते गावोगाव जाऊन बसले. लोकांनी सांगितले, आम्हाला आधी पाणी हवे, खायला हवे. औषधाचे नाव नंतर. तेव्हा या डॉक्टरांनी औषधाइतकेच पाण्याचे काम हाती घेतले. हातपंप बसवले तेही विचार करून, दलित वस्तीत. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यावे. शिवाशिवीवर भाषण न देता केलेला हा इलाज होता.

पुढे त्यांनी गावांत शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. ते काही जमले नाही. परगावची तरुण मुलगी खेड्यात एकटी राहायला धजेना, आणि गावातल्या बाया तिचे ऐकेनात. तेव्हा गावच्याच माणसांकडून सूचना आली, आमच्यातलीच एखादी बाई का शिकवत नाही? ती डॉक्टरांनी मनापासून उचलली. अक्षरओळख नसलेल्या, कित्येकदा दलित, कित्येकदा नवऱ्याने टाकलेल्या बाया जामखेडला येऊन शिकू लागल्या. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, बाळाचे वजन घ्यायचे, गरोदर बाईला जपायचे, सुखरूप बाळंतपण करायचे. पुरुषांची शेतकरी मंडळे निघाली, बायांची महिला मंडळे निघाली. १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघा डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले, पण त्यांनी शिकवलेल्या बायांनी काय करून दाखवले हे पाहायला जगभरची माणसे जामखेडला आली.

गडचिरोलीची गोष्टही अशीच. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’चे काम सुरू केले. आदिवासींना त्यांनी विचारले, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटे, आणि नातेवाइकांना रोग्याजवळ राहता येत नसे. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. लहान मुले न्यूमोनियाने मरत. तो ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते, आणि दाईला पन्नास-साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग मण्यांचे एक साधे साधन केले, सोबत वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की समजायचे, हा न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. दाई अडाणी म्हणून तिला बाजूला सारले नाही, साधनच तिच्या हाताजोगे केले.

आता आमच्याकडचे सांगते. ऊस लागला की आमच्या मळ्यापलीकडच्या पडीत तोडणीवाल्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, लेकराला झोळीत घेऊन फडात जाते, मोळ्या बांधून डोक्यावर वाहते आणि गाडी भरून झाली की अंधारात परत येते. काही वर्षांपूर्वी एका बाहेरच्या संस्थेने प्रत्येक कोपीला पाणी गाळायचा एकेक फिल्टर दिला. हेतू चांगलाच होता. पंधरा दिवसांनी पाहिले तर कुणाच्या फिल्टरमध्ये पीठ होते, कुणाच्यात डाळ. संस्थेचे लोक चिडले. म्हणाले, या लोकांना काही द्यायचीच सोय नाही.

आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी जणी संध्याकाळी चुलीपाशी जाऊन बसलो. काय पाहिजे, असे विचारले नाही. तसे विचारले की माणूस आपल्याला आवडेल तेच सांगतो. आम्ही म्हटले, “बाई, कालचा दिवस कसा गेला ते सांग बरं.” सांगता सांगता सगळे उलगडले. दिवसभराचे पाणी पिणे कोपीवर नव्हतेच, ते फडात होते. गाडीबरोबर ड्रम जायचा, उन्हात उघडा राहायचा, आणि लेकरे त्यात हात बुडवून पेला भरायची. कोपीवर मातीच्या जमिनीवर फिल्टर नीट बसत नव्हता, आणि थेंब थेंब गळायची वाट बघायला पहाटे वेळ कुणाला होता?

दोनच गाड्यांवर करून बघायचे ठरले. पहिल्यांदा तोटीचा डबा दिला. गाडीच्या हादऱ्याने चार दिवसांत तोटी निखळली. मग त्यातल्याच एका म्हाताऱ्या बाईने सुचवले, तोटी कशाला, लांब दांड्याचे ओगराळे द्या. झाकणाचा डबा, त्यावर ओले पोते, डब्याच्या कडीला दोरीने बांधलेले ओगराळे आणि पाणी भरताना टाकायचे क्लोरीनचे थेंब. थेंब टाकायचे काम टोळीतल्याच एकीने अंगावर घेतले. हे टिकले. बाकीच्या गाड्यांनी आपण होऊन मागून घेतले. रोगराई नाहीशी झाली असे मी म्हणणार नाही. पण पाण्यात हात बुडायचा थांबला.

आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून एक गोष्ट निघाली, जी कुणाच्याच यादीत नव्हती. आंघोळीला आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतसुद्धा अंधार पडायची वाट बघावी लागते. हे एकीने सांगितले तेव्हा बाकीच्या खाली बघत होत्या. चार बांबू, जुनी ताडपत्री आणि खाली दोन फरश्या, एवढ्यात न्हाणी झाली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. डबा आणि आडोसा यांनी तोडणीवाल्यांचे दैन्य फिटत नाही. उचल घेऊन आलेला माणूस हंगामभर बांधलेला असतो. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे गाजले आणि २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तिथे मजुरीचा, कायद्याचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. युक्तीने तो सुटणार नाही, आणि युक्तीने तो झाकूही नये. पण जवळ बसून ऐकले म्हणजे निदान कुठला प्रश्न डब्याने सुटतो आणि कुठल्यासाठी ग्रामसभेत नाहीतर तहसीलवर उभे राहावे लागते, हे तरी कळते.

तेव्हा मायबहिणींनो, तुमच्या गावात कुणी योजना घेऊन आले, किंवा तुमच्याच गटाने काही मनावर घेतले, तर एवढे करा. ज्यांच्यासाठी करायचे त्यांच्याकडे दोन संध्याकाळी जाऊन बसा, आणि बोलणे त्यांना करू द्या. सगळ्यांत गरीब घरातल्या बाईला शेवटी नव्हे, आधी विचारा. सगळ्या गावाला वाटण्याआधी दोन घरी करून बघा. महिन्याने पुन्हा जा आणि वस्तू कशी वापरली जाते ते पाहा. ती पिठाचा डबा झाली असेल तर बाईवर रागावू नका. तिला पिठाच्या डब्याची गरज होती, एवढे तरी त्यातून शिका.