चाकामागची उखळ

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की मोशी मागे पडते, इंद्रायणीचा पूल येतो आणि मग चिंबळी फाटा, कुरुळी अशा पाट्या दिसू लागतात. इथून डावीकडे आत वळलं की खेड तालुक्यातलं निघोजे. पारनेरचं रांजणखळग्यांचं निघोज वेगळं बरं का! देहूहून आळंदीला निघालेली इंद्रायणी वाटेत या गावाच्या शिवाराला भेटते.

चाकण म्हटलं की पूर्वी कांद्याचा बाजार आठवायचा. २००९ साली फोक्सवॅगनचा आणि २०१० साली महिंद्रचा कारखाना या भागात सुरू झाला, आणि रस्त्यांची रहदारीच बदलली. नव्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, सुट्या भागांचे टेम्पो, कामगारांच्या बसेस... नुसती झुंबड!

नव्या मोटारींकडे सगळेच पाहतात. तुम्ही मात्र चहाच्या टपरीजवळ उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या मालट्रकपाशी थांबा. इंजिन बंद आहे ना? ड्रायव्हरकाकांना विचारलंत ना? मग जरा लांबूनच उकिडवे बसा आणि पुढच्या दोन चाकांच्या मध्ये पाहा. या चाकापासून त्या चाकापर्यंत एक दांडा गेलेला दिसेल. तो टाय रॉड. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोपी घातलेले मुठीएवढे सांधे आहेत ना, ते टाय रॉड एंड.

मोटारीत थोडं वेगळं असतं. स्टिअरिंग फिरवलं की खाली एक छोटं दातेरी चाक फिरतं आणि दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाय रॉड, आणि त्याच्या टोकाचा सांधा चाकाला ढकलतो नाहीतर ओढतो. चाकणला महिंद्रच्या कारखान्यात आता विजेवरच्या मोटारीही तयार होतात. तिथे इंजिन गेलं, सायलेन्सर गेला, पण हा सांधा आहेच.

मग दांडा चाकाला सरळ वेल्डिंग करून का टाकत नाहीत? कारण चाक नुसतं वळत नाही, खड्ड्यात खालीवरही होतं. पक्का जोडलेला दांडा वाकेल नाहीतर तुटेल. आता एक हात खांद्यावर ठेवा आणि दुसरा हात गोल फिरवा. शास्त्राच्या पुस्तकातला उखळीचा सांधा तो हाच! टाय रॉड एंडमध्येही वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो आणि भोवती ग्रीस. त्यानं फिरायचं, तिरकं व्हायचं, पण खुळखुळायचं मात्र जराही नाही. मोठी अवघड अट आहे ही.

आणखी एक गंमत. कवायतीत रांग वळताना आतल्या बाजूच्या मुलाला लहान पावलं टाकावी लागतात, बाहेरच्याला मोठी. मोटारीचंही तसंच. आतलं चाक जास्त वळावं लागतं, नाहीतर टायर घासटत जातो. टाय रॉड आणि चाकाजवळचे तिरके दांडे मिळून हे जमवतात. ही युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं घोडागाडीसाठी काढली. लंडनमध्ये १८१८ साली तिचं पेटंट घेतलं आकरमन यांनी, जे खरं तर पुस्तकं आणि चित्रं छापून विकत! आज जगभर नाव चालतं ते आकरमनचं. लांकेन्स्पर्गरवर हा अन्यायच, नाही का?

पण खरा जीव अडकलाय त्या रबरी टोपीत. ती फाटली की उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आत शिरतो. ग्रीसमध्ये माती मिसळली की गोळा आणि वाटी झिजू लागतात. स्टिअरिंग थरथरतं, टायर एकाच कडेला झिजतो. तरीही दुर्लक्ष केलं, तर एक दिवस गोळा वाटीतून निसटतो. मग स्टिअरिंग हातात आणि चाक मोकाट! बाजूनं मोटारसायकलवर तिघेजण चाललेले असतात, पलीकडे शाळेची व्हॅन असते.

म्हणून चांगला मेकॅनिक पुढचं चाक जॅकवर उचलतो, घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी हात धरून हलवतो. ‘खट्’ झालं की म्हणतो, "प्ले आलाय, बदला." जुना सांधा काढताना तो किती आटे फिरले ते मोजून ठेवतो, कारण नवा तेवढाच बसवला नाही तर चाकांची दिशा बिघडते. एवढं करूनही नंतर अलाइनमेंट तपासावीच लागते. अनेक गाड्यांत सांध्याच्या नटाला खाचा असतात. त्यांतून एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची, म्हणजे नट हलत नाही. पिन असते काडीएवढी, पण जुनी पुन्हा वापरायची नाही. दर वेळी नवी.