‘याला वासच नाही गं!’

पूर्वी कोरीटसारख्या गावात सुगंध म्हणजे दिवाळीचे उटणे, उन्हाळ्यातला मोगऱ्याचा गजरा आणि लग्नकार्यात मनगटावर लावलेले अत्तर. आता मोगरा, गुलाब, चमेली अशा नावांचे बॉडी स्प्रे आणि लोशन घरोघरी पोहोचले आहेत. शहरातली नातवंडे ते आजी-आजोबांसाठी हौसेने आणतात. ही हौस मोडण्याचे कारण नाही. मात्र ज्येष्ठांचे नाक आणि त्वचा तरुणांसारखी नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

कोरीटच्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना सुनेने मोगऱ्याचे अत्तर दिले. ‘याला वासच नाही गं,’ म्हणत त्या रोज अधिकाधिक लावीत. घरच्यांचे मात्र डोके दुखे. चौकशी करता कळले, की जेवणही त्यांना बेचव लागत होते. अत्तर फिके नव्हते, घ्राणशक्ती मंदावली होती.

वयोमानाने असे होतेच. शिवाय जुनाट सर्दी, कोविड, धूम्रपान आणि काही औषधे यांनीही होते. पार्किन्सन वा अल्झायमरमध्ये ही तक्रार इतर लक्षणांच्या आधीही दिसू शकते. म्हणून अधिक उग्र अत्तर आणण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. तोच वास येत नसेल तर धोका उघड आहे. अशा घरात गळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे.

आमच्या नंदुरबारकडे ‘मिरचीचा ठसका लागतो, म्हणजे नाक ठीक आहे’ असे समजतात. ते खरे नव्हे. ठसका चेहऱ्याच्या निराळ्या मज्जातंतूमुळे जाणवतो. डोळे मिटून लवंग, लसूण, साबण ओळखता येतात का, हे पाहावे.

जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये गंधसरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास दिवसातून दोनदा, 12 आठवडे घ्यायचे. काही रुग्णांची घ्राणशक्ती त्याने सुधारली. सराव निरुपद्रवी आहे, पण धीर हवा.

आता त्वचेविषयी. उतारवयात ती पातळ व कोरडी होते. फुलांच्या सुगंधातील लिनालूलसारखी द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलून ॲलर्जी आणू शकतात. जुनी, अर्धी उरलेली बाटली म्हणूनच टाळावी. नवे लोशन आठवडाभर कोपराच्या आतील बाजूस, एकाच जागी दिवसातून दोनदा लावून पाहावे. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूतही मूळ वास झाकणारे सुगंधद्रव्य असू शकते. त्वचा नाजूक असल्यास ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ शब्द शोधावेत.

दमा वा जुनाट श्वासविकार असलेल्यांच्या खोलीत स्प्रे मारू नये. अत्तराचा थेंब त्वचेऐवजी रुमालाला लावावा, तोही श्वासाला त्रास होत नसेल तरच. खाज किंवा पुरळ आल्यास ती जागा धुऊन वापर थांबवावा. धाप लागल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.