बैठक जमणे

'खोगीर' हा शब्द आज आपल्या बोलण्यात जवळपास 'खोगीरभरती'पुरताच उरला आहे. निरुपयोगी मजकुराने उत्तरपत्रिकेची पाने फुगवली, की परीक्षक तो शेरा मारतात. मूळ फारसी शब्द मात्र मोठा कामाचा. त्यातील 'खू' किंवा 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घोड्याच्या पाठीचा घाम टिपून घेणारी जाड घडी ते खोगीर. त्याच वाटेने 'जीन' आले, जीन बनवणारा 'जीनगर' आला. स्वाराच्या मांडीशी नाते सांगणारी 'मांड' तर आपल्या घरचीच. पुढे घोडा गेला, सायकल आली, आणि हे सारे शब्द तबेल्यातच राहिले. सायकलीवर जेथे बसायचे त्याला आपण 'सीट' म्हणू लागलो. खोगीर जुळवून घ्यावे लागते, हे घोडेस्वाराला कोणी सांगावे लागत नसे. सीट म्हटले, की ती बसची असो वा नाटकगृहाची, मिळेल तशी स्वीकारायची असते.

वस्तूंच्या इतिहासात मात्र ही ताटातूट झालेली नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८६६ मध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी घोड्यांच्या चामडी सामानाचा व्यवसाय सुरू केला. त्यांचा घोडा मेला, म्हणून ते सायकलीवर बसू लागले आणि तिची बैठक इतकी त्रासदायक निघाली, की त्यांनी स्वतःच चामड्याची नवी बैठक तयार केली, अशी कथा ती कंपनी सांगते. १८८२ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. ताणून बसवलेले चामडे, खाली जाड स्प्रिंगा, अशी बैठक असलेल्या काळ्या, उंच सायकली आमच्या लहानपणी माणहून पिंपरीकडे पाळीला जाणाऱ्या कामगारांकडे असत. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, मागोमाग इतर कारखाने आले आणि मुळशीच्या या बाजूची शेतकऱ्यांची मुले डबा मागे अडकवून निघू लागली. नव्या बैठकीचे चामडे कडक असे. काही महिन्यांत ते ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे दबून बसे. म्हणून दुसऱ्याची सायकल कोणी सहसा मागत नसे. मागितलीच, तर परत करताना "तुझ्या सीटनं जीव काढला" हे ठरलेले वाक्य.

आज माणमध्ये आयटी पार्कचा तिसरा टप्पा आहे आणि तेथील कार्यालयांत स्वच्छतेचे, उपाहारगृहाचे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया गावातूनच जातात. त्यांतील एक बाई तुमच्यासारख्याच दूरशिक्षणाच्या विद्यार्थिनी, वय चाळिशीच्या पुढचे. रविवारच्या संपर्कसत्राला त्या मुलाच्या जुन्या सायकलीवर सात-आठ किलोमीटर येत. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एकदा तास संपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सायकल आता जमत नाही. शेअर रिक्षा रोज परवडत नाही. कामाला चालत जाईन, पण रविवारचं येणं बंद करावं लागेल."

काय होते, असे विचारले तर उत्तर आले, "गुडघे दुखतात." गुडघे दुखतच होते. परंतु एवढ्यासाठी कोणी पदवी सोडत नाही. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आवाज खाली गेला, "आणि बसायला त्रास होतो. मुंग्या येतात. मग काही कळतच नाही तिथं."

'तिथं'. भाषेच्या अभ्यासक म्हणून मला हे सर्वनाम फार बोलके वाटते. आपल्याजवळ शब्द नाहीत असे नाही. ते वाटून टाकलेले आहेत. 'नितंब' काव्यशास्त्राला दिला, 'ढुंगण' लहान मुलांना आणि शिवीला, 'बूड' भांड्याला. उरलेला 'पार्श्वभाग' तर शब्दशः अंगाची बाजू दाखवणारा. सभ्यतेपायी त्याला पाठीमागे नेऊन बसवले. या प्रत्येक शब्दाने दुखण्याचे स्थान एक तर लाजिरवाणे होते किंवा अस्पष्ट. परिणामी माणूस डॉक्टरला गुडघा दाखवतो, दुकानदाराकडे मऊ कव्हर मागतो आणि शेवटी सायकल भिंतीला टेकवून ठेवतो. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक घडते.

म्हणून येथे स्पष्ट लिहिते. आपण बसतो ते ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्यांना 'बैठकीची हाडे' म्हणू. शरीराचा भार त्यांनी पेलायचा असतो. त्यांच्यामधील मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. भार त्यांच्यावर आला, की मुंग्या आणि मग बधिरता. बैठक अरुंद असेल तर हाडे कडेवरून घसरतात. फार मऊ असेल तर हाडे गादीत रुततात आणि मधली गादी वर दाबली जाते. बाजारातील जेलची गुबगुबीत कव्हरे पाच मिनिटे सुखावतात आणि अर्ध्या तासाने छळतात, ती यामुळे. स्त्रियांमध्ये या दोन हाडांतील अंतर सर्वसाधारणपणे अधिक असते. बाईंची सीट त्यांच्या सडपातळ मुलासाठी घेतलेली, वर जेलचे कव्हर, आणि नाक वर उचललेले.

मोजमाप सोपे आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसावे, उठावे. दोन खळगे उमटतात. बाईंच्या खळग्यांच्या मध्यांतील अंतर १३ सेंटिमीटर भरले. सीटचा प्रत्यक्ष टेकू देणारा भाग यापेक्षा निदान दोन सेंटिमीटर रुंद हवा. ताठ बसून चालवणाऱ्याला आणखी थोडा. गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे जुनी, रुंद, स्प्रिंगांची सीट निघाली.

मग उंची. आपल्याकडे समज असा, की सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तसे केले, की पॅडल मारताना गुडघा फार दुमडतो आणि पुढून दुखू लागतो. भिंतीचा आधार घेऊन बसावे, पॅडल सर्वांत खाली आणावे, त्यावर टाच ठेवावी. पाय जेमतेम सरळ व्हावा. मग नेहमीप्रमाणे पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला, की गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. कंबर डावी-उजवी हेलकावू लागली, तर सीट जास्त वर गेली. सीटच्या दांड्यावरील कमाल उंचीची खूण मात्र चौकटीबाहेर कधीही दिसू देऊ नये. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा, हे खरे. पण हिंजवडीच्या चौकात मागे डंपर असताना हे तत्त्व सांगायला मी धजावले नाही. बाईंनी सीट दीड सेंटिमीटर खाली ठेवली, आणि ते शहाणपणाचे होते.

राहिला कल. तो सपाट असावा, फार तर नाक किंचित खाली. बांधकाम जिकडेतिकडे चालू असल्यामुळे माणमध्ये गवंड्याची लेव्हलपट्टी मागून आणायला दोन मिनिटे लागतात. सीट पुढेमागे सरकवताना एवढे लक्षात ठेवावे, की मागे नेली तर पॅडलपासूनचे अंतरही वाढते. तेव्हा उंची पुन्हा पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, तोही काही मिलिमीटरचा, आणि चार दिवस चालवून पाहावे. एवढे करूनही बधिरता राहिली तर डॉक्टरांकडे जावे आणि तेथे गुडघ्याचे नाव सांगू नये.

बाई रविवारी येत राहिल्या. त्यांच्या घरी ती सायकल आता तिघे वापरतात, म्हणून सीटच्या दांड्यावर तीन रंगांच्या इन्सुलेशन टेपची तीन वेढी आहेत. लाल त्यांचे. शनिवारी रात्री सीट लाल वेढ्यावर आणून नट आवळायचा, हे काम मुलाकडे दिलेले आहे.