खर्रा, चहा आणि डोक्यातलं रक्त

चि. बंटीस,


मूल गावच्या अभ्यासिकेत तुझा अभ्यास जोरात चाललाय, असं ताई सांगत होती. खर्राही जोरात आहे, हे मात्र मला पोळ्याला आलास तेव्हा तुझ्या दातांवरूनच कळलं. वर तू म्हणालास, "मामा, खर्रा टाकला का डोक्यात रक्त धावते, गणितं सुटतात." आज त्या रक्ताचंच बोलू.

मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे 20 टक्के. साठा जवळजवळ नाहीच, म्हणून रक्त अखंड हवं. ते कुठे वाढवायचं, हे मेंदू आपलं आपण ठरवतो. 1928 साली अमेरिकेत जॉन फुल्टन यांनी वॉल्टर के. नावाच्या रुग्णाची हकिगत नोंदवली. मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रापाशी, त्याच्या रक्तवाहिन्यांचा गुंता झाला होता. तिथे वाहत्या रक्ताचा घूं-घूं आवाज बाहेरून ऐकू यायचा. त्यानं वाचायला घेतलं की आवाज चढायचा. तंबाखूचा वास दिला, तर ढिम्म! (वासाचं केंद्र वेगळं असतं, म्हणून या पुराव्यावर मी फार नाचत नाही.) पुढे 1955 च्या प्रयोगांत दिसलं, की मनातल्या मनात गणितं करतानाही मेंदूचं एकूण रक्त तेवढंच राहतं. कालव्याचं पाणी हव्या त्या बांधीत वळवावं, तसं ते कामाच्या जागी वळतं.

चहा-कॉफीचं तर उलटंच. 250 मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं, की मेंदूतला रक्तप्रवाह पाव हिश्श्याच्या आसपास घटतो. तरी माणूस तरतरीत, कारण झोप आणणाऱ्या ॲडिनोसिनची वाट कॅफीन अडवतं. तेव्हा जास्त रक्त म्हणजे जास्त डोकं, हा तुझा हिशेबच चुकला.

खर्ऱ्यातल्या तंबाखूतलं निकोटिन मुख्यतः मागच्या खर्ऱ्यानं लावलेली तलफ भागवतं. तलफ शमल्याचं सुख तू हुशारीच्या खात्यावर मांडतोस. तोवर इकडे नाडी वाढते, रक्तदाब चढतो. तंबाखू नुसती चघळली तरी लकव्यानं दगावण्याचा धोका वाढतो. आपल्या गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं 86 गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं कारणं शोधली. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले: सर्वांत जास्त माणसं लकव्यानं गेली, शंभरात चौदा. त्यांतली बहुतेक घरीच गेली.

चहाला माझी ना नाही. खर्रा सोड, आणि पेपर जवळ यायच्या आत, आत्ताच सोड. पहिला आठवडा चिडचिड होईल, पुस्तकात लक्ष लागणार नाही. तेवढे दिवस सरावाचे पेपर नको सोडवू, इकडे ये. आणि लकव्याचा विषय निघालाच आहे, तर येण्याआधी तुझ्या बाबांना सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांचा रक्तदाब तेवढा मोजून घे.

तुझा,
मामा