रेशनच्या पिशवीत डाळ का नाही?

'माल आलाय' अशी हाळी फिरली की वस्तीतल्या बाया पिशव्या घेऊन रेशन दुकानासमोर उभ्या राहतात. मशीनवर अंगठा उमटला तर गहू-तांदूळ पदरात पडतो. नाही उमटला तर उद्या पुन्हा रांग. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हा हक्क जानेवारी २०२३पासून मोफत झाला. टाळेबंदीतल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना या धान्याचं मोल सांगायला नको.

आहारतज्ज्ञाच्या नजरेने पिशवी उघडली की मात्र अडचण दिसते. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात आणि सगळा तांदूळच असेल तर १२-१३ ग्रॅम प्रथिनं. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम लागतात. बाकीचं सगळं, म्हणजे डाळ, अंडी, दूध, भाजी, रोख पैसे मोजून आणायचं.

रोजंदारीच्या घरात ते पाव किलोने येतं. महिन्याचा किराणा एकदम भरण्याइतका पैसा हातात नसतो, म्हणून तेलाची पुडी रोजची आणि डाळ कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटी. किलोचा भाव काढला तर गरिबाला तीच डाळ अनेकदा महाग पडते. मग मूठभर डाळीत तांब्याभर पाणी आणि वरून मिरचीची फोडणी. आमटी पिवळी दिसते, एवढंच. भाजीवाला टोपली आवरायला लागला की उरलेली मेथी स्वस्त मिळते, म्हणून भाजी रात्री. पोराने भोकाड पसरलं तर पाच रुपयांचं चटकमटक पाकीट. 'या बायांना पोरांना काय घालावं ते कळत नाही,' असं सुनावणाऱ्यांनी पाच रुपयांत त्या दुकानात दुसरं काय मिळतं, ते एकदा बघून यावं.

परिणाम सरकारी आकड्यांतच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

त्यावर सरकारने तोडगा काढला तो तांदळातच. लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले कृत्रिम दाणे शंभरास एक या प्रमाणात रेशनच्या तांदळात मिसळायला सुरुवात झाली. पण कुणी नीट सांगितलं नाही, आणि गावोगाव 'प्लास्टिकचा तांदूळ' आल्याची बोंब उठली. तांदूळ निवडताना बायका खड्यांबरोबर नेमके तेच दाणे वेचून टाकू लागल्या.

शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत महाराष्ट्राने याहून शहाणं काम केलंय. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं: पोळी किंवा भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि अंडं किंवा केळं. बराच काळ ताटामागे ३५ रुपये मिळत. एवढ्यात हे सगळं बसवणाऱ्या अंगणवाडी ताईने हिशेब कसा जुळवला असेल, ते तिलाच ठाऊक. तरी ताट बरोबर आहे. ते गावातल्या इतरांपर्यंत पोचत नाही, ही त्याची मर्यादा. शाळांचं उदाहरण उलट दिशेचं: २०२३मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि जानेवारी २०२५मध्ये राज्याने त्याचा निधी काढून घेतला. लोकवर्गणीतून द्यायला शाळा मोकळ्या आहेत म्हणे! ज्या गावात वर्गणी जमेल, तिथल्या पोरांना अंड्याची गरज मुळात कमी असते.

रेशनवर डाळ देणं अशक्य आहे, असं म्हणावं तर तमिळनाडू कार्डावर तूरडाळ ३० रुपये किलोने देतं. छत्तीसगडने आदिवासी भागात ५ रुपये किलोने चणे दिले. आपल्याकडेही २०१८मध्ये तुरीचे साठे पडून होते, तेव्हा ३५ रुपयांना तूरडाळ रेशनवर आली होती. साठा संपला, डाळ गेली. पुढे २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला: शंभर रुपयांत किलो-किलो रवा, चणाडाळ, साखर आणि लिटरभर पामतेल. करंज्या-लाडवांची सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण सणाला डाळ पोचवता येते, तर वाहतूक आणि वाटपाची सबब उरते कुठे? अडतं ते पैशाच्या तरतुदीपाशी.

लातूर-अकोल्याच्या डाळमिलांतून तूरडाळ देशभर जाते. तीच त्या जिल्ह्यांतल्या रेशन दुकानातही दर महिन्याला मिळाली पाहिजे. कार्डामागे दोन किलोपासून सुरुवात झाली तरी चालेल. मतं मागायला दारात येणाऱ्याला एवढं एक विचारा.